एआरटी थांबवू नका, आधी ‘सी’चा बंदोबस्त करा

प्रश्न : आमचे मिस्टर ४७ वर्षांचे आहेत. निपाणीजवळच्या गावात राहतो, ते तंबाखूच्या वखारीत कामाला आहेत. २०१२ साली आम्हा दोघांनाही एचआयव्ही असल्याचं कळलं. तेव्हापासून दोघंही गोळ्या घेतो, आता रात्रीची एकच गोळी असते, टीएलडी. एकही दिवस चुकवत नाही. मुलगी निगेटिव्ह आहे. इथल्या सरकारी दवाखान्यात नात्यातला एक जण कामाला असल्यामुळे गोळ्या आणायला आम्ही सीमेपलीकडे महाराष्ट्रात जातो. मागच्या वेळी दोघांचाही व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूचं प्रमाण, ‘सापडत नाही’ असा आला. आता हर्नियाच्या ऑपरेशनआधी रक्त तपासलं तर त्यांना हिपॅटायटिस सी निघाला. डॉक्टर म्हणाले, लिव्हरला सूज आहे, ऑपरेशनचं नंतर बघू. एचआयव्ही दबलेला असताना सूज आली कुठून? दीर म्हणतात, इतकी वर्षं खाल्लेल्या गोळ्या उष्ण पडल्या, त्यांनीच लिव्हर गेलं. दोन-तीन महिने गोळ्या बंद ठेवून काविळीची मुळी घ्या, असा त्यांचा आग्रह आहे. सासूबाईंनी ह्यांचं ताट-तांब्या वेगळा काढलाय. हे नवीन दुखणं ह्यांनी आणलं कुठून, म्हणून माझ्याही मनात नको नको ते येतं. १९९६ साली ट्रॅक्टर उलटून अपघात झाला होता, तेव्हा रक्त चढवलं होतं. मुलीचं लग्न ठरायचं आहे. रिपोर्ट सोबत पाठवते.
– एक भगिनी, निपाणी तालुका

उत्तर : ताई, तुमचं पत्र आणि रिपोर्ट दोन्ही नीट वाचले. बाकीचं सावकाश सांगते, पण एक गोष्ट आजच्या आज: रात्रीची गोळी त्यांनी घेतलीच पाहिजे. उद्याची आणि परवाचीही. दीर मायेपोटीच बोलतात, हे मला कळतं. पण गोळी बंद केल्याने यकृताला आराम पडत नाही, उलट यकृताचा एक मोठा आधार निघून जातो.

दिरांची भीती अगदीच हवेतली नाही, हेही मान्य करते. सुरुवातीच्या काळात एआरटीत, म्हणजे एचआयव्हीच्या उपचारात, जी औषधं होती, त्यातल्या नेव्हिरापिनने काही जणांच्या यकृताला खरोखरच इजा होत असे, अंगावर पुरळ उठत असे. स्टॅव्ह्युडिनने यकृतात चरबी साठायची. त्या दिवसांत गोळ्या सुरू झाल्यावर डोळे पिवळे झालेली माणसं आपल्या भागातल्या गावांनी पाहिली आहेत आणि ते बोलणं अजून कानोकानी चालू आहे. ती औषधं मागे पडली. तुमची टीएलडी म्हणजे टेनोफोव्हिर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्रॅव्हिर. या तिघांमुळे यकृत बिघडण्याचं प्रमाण फार कमी आहे. त्यातली पहिली दोन तर हिपॅटायटिस बीच्या विषाणूलाही दाबून ठेवतात. म्हणजे कुणाला एचआयव्हीबरोबर बी असेल आणि त्याचं त्यालाच माहीत नसेल, तर ती गोळी बंद करताच बी उसळून येतो आणि त्यात माणूस जाऊ शकतो. मिस्टरांच्या रिपोर्टमध्ये बीची तपासणी मला कुठे दिसली नाही. ती एचबीएसएजीची तपासणी करून घ्या. सीची औषधं सुरू करण्याआधीही ती लागतेच.

गोळ्या मधूनमधून थांबवाव्यात का, हा प्रश्न जगभरच्या डॉक्टरांनाही पडला होता. सीडी-४, म्हणजे एचआयव्ही ज्यांना मारतो त्या प्रतिकारशक्तीच्या पेशी, चांगल्या आहेत तर औषधाला थोडी सुट्टी द्यावी, म्हणजे दुष्परिणाम कमी होतील, असं तेव्हा वाटायचं. स्मार्ट नावाच्या अभ्यासात ५,४७२ लोकांवर हे पाहिलं गेलं, त्याचे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. सुट्टी घेणाऱ्यांमध्ये मृत्यू जास्त झाले. एड्सचे आजार वाढले हे एक वेळ समजण्यासारखं होतं, पण हृदय, मूत्रपिंड आणि यकृताचे गंभीर आजारही त्यांच्यातच जास्त निघाले. ज्या यकृताला वाचवायला औषध थांबवायचं, त्याचंच नुकसान झालं. असं का होतं, ते कळलं की तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तरही मिळेल.

हिपॅटायटिस सीचा विषाणू यकृताच्या पेशींत राहतो, वाढतो, पण पेशी मारण्याचं काम तो स्वतः फारसं करत नाही. विषाणू शिरलेल्या पेशी हुडकून मारायला आपलीच प्रतिकारशक्ती धावून जाते. पेशी मरतात, विषाणू संपत नाही, आणि ही झटापट वर्षानुवर्षं चालू राहते. डॉक्टर सूज म्हणाले ती ही. ती दुखत नाही, हाताला लागत नाही, कित्येकदा माणसाला थकव्यापलीकडे काही जाणवतही नाही. जिथे पेशी मेल्या तिथे डागडुजी सुरू होते. यकृतात काही पेशी एरवी जीवनसत्त्व ‘अ’ साठवून गप्प बसलेल्या असतात. सूज आली की त्या जाग्या होतात आणि कोलॅजनचे धागे तयार करू लागतात. सूज लवकर थांबली तर हे धागे बरेचसे विरघळतात. थांबलीच नाही तर धाग्यांचे पट्टे होतात, पट्ट्यांमध्ये गाठी धरतात, यकृत कडक होतं. त्याला सिरॉसिस म्हणतात. नुसता सी असेल तर बहुतेकांना इथपर्यंत पोचायला वीस-तीस वर्षं लागतात, पुष्कळ जण पोचतही नाहीत. सोबत एचआयव्ही असेल तर हा धोका दोन-तीन पटींनी वाढतो.

एचआयव्ही इथे काय करतो? त्याचा पहिला घाव आतड्यावर असतो. शरीरातल्या सीडी-४ पेशींचा फार मोठा साठा आतड्याच्या अस्तरात असतो, आणि लागण झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांतच एचआयव्ही तो साफ करतो. पुढे एआरटीने रक्तातले सीडी-४ वर येतात, व्हायरल लोड सापडेनासा होतो, पण आतड्याचं अस्तर पुन्हा पहिल्यासारखं घट्ट होत नाही. आतड्यातल्या जंतूंचे बारीक तुकडे त्यातून रक्तात झिरपत राहतात. आतड्याचं रक्त पोर्टल शिरेतून आधी यकृतात येतं, म्हणून त्या तुकड्यांची पहिली गाठ यकृताशी पडते. तिथे कुप्फर नावाच्या पेशी असतात. बंदोबस्ताच्या दिवशी सीमेवरच्या कोगनोळी नाक्यावर जशी प्रत्येक गाडी अडवून तपासतात आणि मागे रांग लागून सगळाच गोंधळ उडतो, तशी या पेशींची गत होते. येणारा प्रत्येक तुकडा त्या अडवतात आणि दर वेळी दाह वाढवणारी रसायनं सोडतात. सीमुळे आधीच चालू असलेल्या सुजेत ही भर पडते, आणि धागे तयार करणाऱ्या पेशींना स्वस्थता मिळत नाही. एचआयव्ही रक्तात मोकळा फिरत असेल तर तो या धाग्यांच्या पेशींना थेटही चेतवतो.

एआरटीमुळे हे शेवटचं थेट चेतवणं जवळजवळ थांबतं आणि आतड्याकडून येणारी भरही बरीच कमी होते. पूर्ण थांबत नाही. म्हणून व्हायरल लोड सापडत नसतानाही मंद सूज राहते, आणि सी उपचाराविना पडून असेल तर ती सूज वाढतच जाते. तुमच्या मिस्टरांच्या यकृतावर आज जे दिसतंय त्यामागे हे आहे. तुम्ही दोघांनी एवढी वर्षं गोळ्या नेमाने घेतल्या नसत्या, तर हे कितीतरी आधी आणि यापेक्षा वाईट रूपात समोर आलं असतं. दिरांना हे नक्की सांगा.

आता रिपोर्ट. एसजीपीटी ५४ आहे, लॅबने त्याच्यापुढे ‘किंचित वाढलेलं’ असा बाण काढलाय, आणि ते बघून कुणी तुम्हाला ‘फार काही नाही’ म्हणेल. तेवढ्यावर विसंबू नका. एसजीपीटी आज पेशी किती मरतायत ते सांगतं, आजवर त्या धाग्यांचे किती व्रण साठले ते सांगत नाही. अगदी नॉर्मल एसजीपीटी असलेल्या माणसाला सिरॉसिस असू शकतो. त्याच कागदावर आणखी दोन आकडे आहेत: एसजीओटी ६८ आणि प्लेटलेट १ लाख १८ हजार. या तिन्हींचं वयाशी मिळून एक गणित मांडतात, त्याला फिब-४ म्हणतात. हे गणित मुळात एचआयव्ही आणि सी दोन्ही असलेल्या लोकांच्या तपासण्यांवरूनच २००६ साली बसवलेलं आहे, म्हणून तुमच्या बाबतीत ते मला महत्त्वाचं वाटतं. वय गुणिले एसजीओटी, त्याला प्लेटलेट (हजारांत) गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ याने भागायचं. मिस्टरांचा आकडा साधारण ३.७ येतो. १.४५ च्या खाली असता तर मोठे व्रण बहुधा नाहीत म्हणता आलं असतं. ३.२५ च्या वर गेला की व्रण पुढच्या टप्प्यात असण्याची शक्यता बरीच असते.

पण नुसत्या या आकड्यावरून मी त्यांना सिरॉसिसचा शिक्का मारणार नाही. आप्री नावाचं दुसरं एक गणित आहे, त्यात त्यांचे १.४ च्या आसपास येतात, आणि तिथे सिरॉसिस धरायची रेषा २ ची आहे. शिवाय प्लेटलेट एचआयव्हीनेही कमी होतात, नुकताच डेंग्यूसारखा ताप येऊन गेला असेल तरी होतात. दोन गणितं दोन दिशा दाखवतात तेव्हा फायब्रोस्कॅन करावा. सोनोग्राफीसारखाच प्रकार आहे, बरगडीवर यंत्र टेकवून यकृत किती कडक झालंय ते मोजतात, दुखत नाही. साधारण १२.५ किलोपास्कल किंवा त्याच्या पुढे आकडा गेला तर सिरॉसिस समजतात. हा आकडा कळणं फार गरजेचं आहे. त्यावर कोणती गोळी द्यायची ते ठरतं आणि सी बरा झाल्यानंतर काय काळजी घ्यायची तेही ठरतं.

त्याआधी आणखी एक तपासणी लागेल. ऑपरेशनआधी जी झाली ती अँटीबॉडीची. सी कधीतरी शरीरात येऊन गेला, एवढंच ती सांगते. काही जणांत तो आपोआपही जातो, पण एचआयव्ही असलेल्यांत असं कमी घडतं. आज तो रक्तात आहे का, हे एचसीव्ही आरएनए तपासणीवरून कळतं. तिला सीचा व्हायरल लोडही म्हणतात. ती केल्याशिवाय औषध सुरू होत नाही.

आणि औषध आहे, ताई. हे मी मुद्दाम ठासून सांगते, कारण सीही एचआयव्हीसारखंच जन्मभराचं दुखणं, असं तुम्हाला वाटत असेल. एचआयव्ही शरीरातून जात नाही, सी जातो. पूर्वी त्याला इंटरफेरॉनची इंजेक्शनं होती, अठ्ठेचाळीस आठवडे. ताप यायचा, केस गळायचे, माणसं उदास होऊन बसायची, आणि एवढं सोसूनही एचआयव्ही असलेल्यांतले निम्मेही बरे होत नसत. २०१३ च्या अखेरीस सोफोसबुव्हिर आलं, २०१५ पासून ते भारतातल्या कंपन्या बनवू लागल्या आणि सगळं चित्र पालटलं. आता बारा आठवडे गोळ्या घ्यायच्या. नीट घेतल्या तर शंभरातले पंचाण्णवच्या आसपास बरे होतात, आणि एचआयव्ही सोबत असला तरी हे प्रमाण घटत नाही. २८ जुलै २०१८ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात तपासणी आणि गोळ्या दोन्ही मोफत मिळतात. सिरॉसिस नसेल तर सोफोसबुव्हिरबरोबर डाक्लाटासव्हिर देतात, असेल तर वेल्पाटासव्हिर.

डॉक्टरांना तुमची टीएलडीची चिठ्ठी दाखवाच. डोल्युटेग्रॅव्हिरशी या गोळ्यांचं जमतं, म्हणून ते सोपं आहे. पण एफाव्हिरेन्झ हे एचआयव्हीचं दुसरं औषध चालू असलेल्यांना डाक्लाटासव्हिरचा डोस वाढवावा लागतो, आणि वेल्पाटासव्हिर तर त्यासोबत देतच नाहीत. टीबीचं रिफाम्पिसिन चालू असेल तर या गोळ्या सुरूच करत नाहीत. आणि आपल्याकडे घरोघरी सकाळी उठल्याउठल्या पित्ताची गोळी घ्यायची जी सवय आहे, तिच्यामुळे वेल्पाटासव्हिर अंगी नीट लागत नाही. मिस्टर ओमेप्रॅझोल किंवा पॅन्टोप्रॅझोल घेत असतील तर लपवू नका.

बारा आठवड्यांनी गोळ्या संपल्या की लगेच निकाल लागत नाही. आणखी बारा आठवडे थांबून पुन्हा आरएनए तपासतात, तेव्हा विषाणू सापडला नाही तर सी गेला. तो कागद जपून ठेवा. अँटीबॉडीची तपासणी मात्र त्यानंतरही जन्मभर पॉझिटिव्ह येत राहील आणि पुढच्या प्रत्येक लॅबमध्ये ‘एचसीव्ही पॉझिटिव्ह’ लिहून येईल. तेव्हा हा आरएनएचा कागद दाखवायचा. आणि एकदा बरा झाला म्हणून सी पुन्हा होत नाही असं नाही. त्याची लसही नाही. बीची लस मात्र आहे. एचबीएसएजी निगेटिव्ह आली आणि आधी लस झालेली नसेल तर दोघांनीही ती घ्यावी.

कुठे जायचं? हा केंद्र सरकारचा कार्यक्रम असल्यामुळे तो दोन्ही राज्यांत आहे, आणि उपचार केंद्रं साधारणपणे जिल्हा रुग्णालयांत आणि सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत असतात. माझं मत विचाराल तर सध्या जिथे एआरटी घेता, त्याच केंद्रातल्या समुपदेशकाला भेटा आणि सीच्या उपचारासाठी तिथूनच चिठ्ठी मागा. दोन्ही औषधं एकाच छताखाली, एकमेकांशी बोलू शकणाऱ्या डॉक्टरांकडून मिळालेली बरी. प्रवास झेपत नसेल तर एआरटीची बदली बेळगावला करून घेता येते. आपल्या भागातल्या माणसांची आणखी एक अडचण असते. इकडचे कागद कन्नडमध्ये, तिकडचे मराठीत, डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत, आणि तिसऱ्याच दवाखान्यात गेल्यावर कुणाला काही उमगत नाही. म्हणून एक प्लास्टिकची फाईल करा आणि तिच्या पहिल्या पानावर चालू गोळ्यांची नावं, कधीपासून चालू, शेवटचा व्हायरल लोड आणि सीच्या तपासण्या तारखेनिशी लिहून ठेवा. समुपदेशक कन्नड बोलत असतील तर ‘मराठीत सांगा’ म्हणायला लाजू नका. सीमाभागात बहुतेकांना दोन्ही भाषा येतात, आणि गोळीची वेळ अर्धवट कळून चालत नाही.

नात्यातल्या त्या माणसाची धास्ती मला समजते. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. कायद्यातले मोजके अपवाद सोडले तर तुमच्या संमतीशिवाय कुणीही तुमची एचआयव्हीची माहिती दुसऱ्याला सांगू शकत नाही, दवाखान्यातला कर्मचारी तर नाहीच, आणि एचआयव्ही आहे म्हणून उपचार नाकारताही येत नाहीत. कुणी तसं केलं तर १०९७ या मोफत क्रमांकावर पुढे काय करायचं ते विचारून घ्या.

आता ज्या गोष्टीने तुमची झोप उडाली आहे तिच्याबद्दल. हिपॅटायटिस सी मुख्यतः रक्तातून पसरतो. १९९६ साली चढवायच्या रक्ताची सीसाठी तपासणी आपल्या देशात सक्तीची नव्हती. दवाखान्यात काचेची सिरिंज उकळून पुन्हा वापरण्याचाच तो काळ. जत्रेत एकाच सुईने ओळीने गोंदवून घेणं, एकाच वस्तऱ्याने दाढी, ही कारणंही आहेतच. स्त्री-पुरुष संबंधातून सी पसरण्याचं प्रमाण फारच कमी असतं. त्या अपघातातलं रक्त हे मला सगळ्यात पटणारं कारण वाटतं, आणि रिपोर्टमधून वाटणारी व्रणांची शक्यताही जुन्या लागणीकडेच बोट दाखवते. तुम्ही म्हणता तसं हे ‘नवीन’ दुखणं नसावं. तुमचं लग्न व्हायच्या आधीपासून ते त्यांच्या अंगात असू शकतं. त्यांच्याबद्दल जे मनात आलं, त्याला या रिपोर्टमध्ये काही पुरावा नाही.

तुम्ही स्वतः मात्र सीची तपासणी करून घ्या. एचआयव्ही असलेल्या प्रत्येकाची ती व्हायलाच हवी, आणि तुमची अजून झालेली दिसत नाही. तुम्ही निगेटिव्ह असाल तर मुलीच्या बाबतीत काळजीचं कारण उरत नाही. तुम्ही पॉझिटिव्ह निघालात तरच तिचीही एकदा करायची.

सासूबाईंना सांगा की ताटातून, पाण्यातून, एकत्र जेवल्याने सी होत नाही. तांब्या वेगळा काढण्यापेक्षा दाढीचं ब्लेड, दात घासायचा ब्रश आणि नेलकटर वेगळे ठेवा. नातवंड झालं तर त्यांनी मांडीवर घ्यायला हरकत नाही.

मुळीबद्दल मला राग येत नाही, काळजी वाटते. गावात ज्या काविळीला मुळीने उतार पडल्याचं सांगतात, ती बहुतेकदा हिपॅटायटिस ए किंवा ई ची असते, दूषित पाण्याची. ती काही आठवड्यांत आपली आपणच ओसरते, मुळी घ्या की न घ्या, आणि श्रेय मुळीला जातं. सी तसा ओसरत नाही. आणि ज्या यकृतात आधीच व्रण आहेत, त्याला न ओळखलेल्या झाडपाल्याचा घाव पेलत नाही. काही भस्मांमध्ये शिसं, पारा यांसारखे धातू सापडले आहेत. गुळवेल तर आपण निर्धोक मानतो, पण करोनाच्या काळात प्रतिकारशक्तीसाठी रोज गुळवेल घेतलेल्यांच्या यकृताला दाह झाल्याचं मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवलं. दिरांना हात जोडून सांगा, सहा महिने कुठलाही काढा नको.

काविळीचं म्हणून कडक पथ्यही नको. तेल बंद, डाळ बंद, नुसती पेज आणि ताक असं केलं की स्नायू झडतात, आणि आजारी यकृताच्या माणसाला तेच महागात पडतं. डाळ, उसळ, अंडं, दूध, सोसेल तसं मटण-मासे चालू द्या. मीठ फक्त बेताचं. कॉफी खुशाल घेऊ द्या. फ्रान्समधल्या एका अभ्यासात एचआयव्ही आणि सी दोन्ही असलेल्यांपैकी दिवसाला तीन किंवा जास्त कप कॉफी पिणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण कमी दिसलं. कॉफी म्हणजे औषध असा याचा अर्थ मी काढत नाही, पण बंद करायचं कारण नाही. अंगदुखीला मेडिकलमधून डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन आणू नका, टेनोफोव्हिर चालू असताना मूत्रपिंडालाही ती जड जातात. ताप आला तर पॅरासिटॅमॉल पाचशेची, दिवसाला चारपेक्षा जास्त नाही.

दारूबद्दल पत्रात एक शब्द नाही. घेत नसतील तर उत्तम. लग्नकार्यात, गोव्याहून कुणी आणली म्हणून, वखारीतल्या मंडळींबरोबर शनिवारी, अशी ‘थोडी’ घेत असतील तर तीही पूर्ण बंद. या यकृतासाठी थोडी असा प्रकारच नाही. विडी, सिगारेट असेल तर तीही सुटायला हवी, धुराने यकृताच्या कर्करोगाचा धोका वाढतो. तोंडातल्या तंबाखूचे तोटे तर तुम्हाला ठाऊक आहेतच. वखारीत दिवसभर तंबाखूत वावरून ती सोडणं किती अवघड, हे मला माहीत आहे. एआरटी केंद्रात सांगा, तिथून व्यसनमुक्तीसाठी मदत मिळवून देतात.

सी गेल्यावर काय? सूज बरीच उतरते, व्रणही काही प्रमाणात मागे हटतात. एचआयव्हीमुळे राहणारी मंद सूज मात्र शिल्लक असते, म्हणून वजन, साखर आणि रक्तदाब यांवर नजर ठेवावी लागेल. फायब्रोस्कॅनमध्ये सिरॉसिस निघाला असेल तर सी बरा झाल्यानंतरही दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी चालू ठेवावी लागते. बरा झाला म्हणून लोक ती सोडतात आणि दोन-तीन वर्षांनी यकृतात मोठी गाठ घेऊन येतात. लहान असताना सापडलेल्या गाठीवर इलाज असतो. शिवाय प्लेटलेट दीड लाखांच्या खाली असल्यामुळे सिरॉसिस ठरलाच तर एकदा दुर्बिणीने अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा पाहाव्या लागतील. आणि वाट न बघता दवाखाना गाठायचा तो या वेळी: शौचाला डांबरासारखी काळी झाली, रक्ताची उलटी झाली, पोट पाण्याने फुगायला लागलं, डोळे पिवळे झाले किंवा माणूस असंबद्ध बोलायला लागला तर.

मुलीच्या लग्नाचं लिहिलंत. तिचा एचआयव्हीचा रिपोर्ट निगेटिव्ह आहे. आई-वडिलांचा आजार स्थळाला सांगायचं कायदेशीर बंधन तुमच्यावर नाही. सांगायचं की नाही, कधी आणि कुणाला, हे तिच्याशी बसून ठरवा. ती मोठी आहे आणि तिला घरातलं ठाऊक आहे. माझा कल असा की तिने आणि मुलाने एकमेकांना ओळखल्यावर तिने स्वतःच्या तोंडाने सांगावं. पण तो निर्णय तिचा.

राहिला हर्निया. तो दुखत नसेल, आत ढकलला जात असेल, तर थांबायला हरकत नाही, आणि सर्जननी यकृताकडे बघून थांबवलं असेल तर योग्य केलं. सिरॉसिस असताना भूल आणि टाके दोन्हींची जोखीम वाढते, पोटात पाणी असेल तर हर्निया परत येतो. फायब्रोस्कॅन, प्लेटलेट आणि रक्त गोठण्याची तपासणी, म्हणजे पीटी-आयएनआर, हातात आली की तेच कागद घेऊन त्यांच्याकडे जा आणि तारीख ठरवा. सीच्या गोळ्या पूर्ण होईपर्यंत थांबणं शक्य असेल तर जास्त बरं. तोवर जड पोती उचलायचं काम वखारीत दुसऱ्या कुणाकडे देता येतं का ते पाहा. मात्र हर्नियाची गाठ अचानक कडक झाली, आत जाईना, खूप दुखू लागली किंवा उलट्या सुरू झाल्या, तर तारखेची वाट न बघता त्याच तासाला दवाखान्यात न्या, आणि तिथे गेल्यावर दोन्ही आजार आणि चालू गोळ्या न लपवता सांगा.